भिमाजीच्या नावावरचे औषध

लोणावळा,
सोमवार, १२ ऑगस्ट १९४६

नंदा हिस,

तुझे दीर भिमाजी यांच्याबाबत घडले ते क्रमाने लिहिते.

१. बुधवार ता. ७ रोजी दिवस मावळल्यावर त्यांनी कुरवंड्यात पाटलांच्या घरी बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीवर घागरभर पाणी ओतले. कोणाला इजा झाली नाही.

२. ता. ८ रोजी पाटलांनी पोलिसांकडे अर्ज दिला.

३. ता. ९ रोजी सकाळी दहाच्या सुमारास भिमाजी नेहमीप्रमाणे बाटली भरून घेण्यासाठी आमच्या दवाखान्यात आले. शिपाई आधीच येऊन बसले होते.

४. डॉक्टरांनी त्यांना तपासले. दहा मिनिटे लागली.

५. डॉक्टरांनी औषधाचे रजिस्टर मागितले. मी काढून दिले.

६. रजिस्टरप्रमाणे १४ जूनपासून ५ ऑगस्टपर्यंत त्यांना ब्रोमाइडच्या, म्हणजे झोप येण्याच्या आणि डोके शांत राहण्याच्या औषधाच्या, चौदा बाटल्या दिल्या. एका बाटलीत बारा मात्रा, दिवसाला तीन, म्हणजे चार दिवसांना एक बाटली. १६ जुलैपासून औषध दुप्पट कडक केले होते.

७. डॉक्टरांनी दाखल्यात लिहिले : 'आठ आठवडे पूर्ण मात्रेत ब्रोमाइड देऊनही काडीचा उतार नाही. घरी ठेवणे धोक्याचे.'

८. ता. १० रोजी दुसऱ्या डॉक्टरांचा दाखला आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम झाला. दुपारच्या गाडीने त्यांना वेड्यांच्या इस्पितळात नेले. बेड्या घातल्या नाहीत.

९. ता. ९ रोजी दवाखान्यातून शिपायांबरोबर निघण्यापूर्वी त्यांनी रिकामी बाटली माझ्या खिडकीत ठेवली आणि भरलेली नथूकडे द्यायला सांगितले. तुम्ही जिथे जात आहात तिथेच औषध मिळेल, असे मी सांगितले.

पोलिसांनी तुमच्या घरी यातले किती सांगितले, मला ठाऊक नाही. तुझ्या घरात वाचता येणारी तू एकटीच, म्हणून तुला लिहिले. इस्पितळातून घरच्यांची हकीकत मागवतात : त्रास केव्हा सुरू झाला, झोप किती, खाणे किती, औषधाने काही फरक पडत होता का. ती तू लिहून नथूकडे दे. बंगल्यांना दूध घालून तो आमच्या दारावरून जातो. मी पुढे पाठवीन.

अकबरी चाँदभाई
कंपाउंडर

*

कुरवंडे,
१७ ऑगस्ट ४६

प्रिय अकबरी,

'नंदा हिस' असं लिहिलंस आणि खाली 'कंपाउंडर'. चौथीपासून सातवीपर्यंत एका बाकावर बसलो, तेव्हा 'नंदे' म्हणायचीस. असो. पत्र दोनदा वाचलं. सासूबाईंना पाचव्या आकड्यापर्यंत वाचून दाखवलं, पुढचं नाही.

हकीकत विचारलीस ती लिहिते. भाऊजी फेब्रुवारीत ब्रह्मदेशातल्या लढाईवरून सुटून आले. अंगानं धडधाकट. पहिले पंधरा दिवस सगळं गाव भेटून गेलं. मग लक्षात आलं की ते रात्री आडवे होत नाहीत. गोठ्याच्या पडवीत, वाटेकडे तोंड करून बसतात. खाणं ठीक. बोलणं कमी. आणि दिवस मावळला की कुठं चूल, शेगडी, विडी काही पेटलेलं चालत नाही. तिकडं अंधारात कुणी चूल पेटवली की तिच्यावर नेम धरून गोळा यायचा, असं एकदाच म्हणाले. आम्ही घरात सूर्य असतानाच भाकऱ्या थापून मोकळ्या होऊ लागलो. पण गावाला कसं सांगणार? पेटत्या चुलीवर पाणी ओतणं म्हणजे त्या घराचं वाईट चिंतणं, हे इथलं पोरसुद्धा जाणतं. दोन घरांनी सोसलं. पाटलांच्या घरी बाळंतीण होती, त्यांनी सोसलं नाही.

तू लोणावळ्यात बसून म्हणशील की एक माणूस आहे, सांभाळा. गावातून एकोणीसजण लढाईला गेले. अकरा आले. पाचांचे मेल्याचे कागद आले. तिघांचा नुसता 'बेपत्ता' असा कागद आहे, त्यात हे एक. मार्च चव्वेचाळीसपासून. मी कुंकू लावते, शाळेत बिगरीची लहान पोरं शिकवते, आणि लोक माझ्या कपाळाकडे बघून बोलतात. भाऊजींना यांचं विचारलं तर 'मागं राहिला' एवढंच म्हणतात.

औषध वेळच्या वेळी दिलं जात होतं. थोडा उतार होता असं आम्हाला वाटत होतं.

सासूबाईंनी मात्र हाय खाल्ली आहे. जीभ जड झाली आहे, बोललेलं नीट कळत नाही. चालताना भेलकांडतात. मला दोनदा माझ्या नावाऐवजी त्यांच्या मेलेल्या बहिणीचं नाव घेऊन हाक मारली. त्यात तोंडावर आणि पाठीवर पिकलेल्या पुटकुळ्या उठल्या आहेत, या वयात! पोराच्या काळजीनं माणसाचं असं होतं का गं?

आणि एक. भाऊजी परत आले की लागेल, तेव्हा एखादी बाटली आधीच देऊन ठेवता येईल का? नथूमामा आणतील.

तुझी,
नंदा

*

लोणावळा,
२० ऑगस्ट १९४६

नंदा,

तुझी हकीकत मी इस्पितळाकडे पाठवलेली नाही. कारण सांगते.

काळजीने पुटकुळ्या उठत नाहीत. जड जीभ, तोल जाणे, माणसे न ओळखणे आणि तोंडापाठीवर पिकलेले पुरळ, ही चारही एकत्र दिसली तर त्याचे एक कारण मला शिकवलेले आहे : ब्रोमाइड फार दिवस, फार प्रमाणात पोटात जाणे. म्हाताऱ्या शरीरातून ते लवकर बाहेर पडत नाही, साठत जाते. तुझ्या सासूबाईंचे नाव माझ्या रजिस्टरमध्ये नाही. त्यांना मी एक थेंबही दिलेला नाही.

आधी हे कर. घरात असेल नसेल ते औषध ओतून टाक. त्यांना दिवसातून चार वेळा मीठ घातलेली पेज दे आणि पाणी भरपूर पाज. मीठ शरीरातले ब्रोमाइड बाहेर काढते. दोन ते तीन आठवड्यांत जीभ सुटेल. शुद्ध अधिक हरपली तर डोलीत घालून आणा.

मग मला तीन गोष्टी लिही.

चौदा बाटल्यांतले औषध कोणी प्यायले?

भिमाजींनी किती घेतले?

परत न आलेल्या माणसासाठी तुला आगाऊ बाटली कशाला हवी होती?

मी रागाने लिहीत नाही. दाखल्यातले पहिले वाक्य माझ्या रजिस्टरवरून लिहिले आहे, म्हणून विचारते. माझ्या आकड्यात चूक असेल तर ती मला आकड्यातच कळली पाहिजे.

अकबरी

*

कुरवंडे,
२९ ऑगस्ट ४६

अकबरी,

नऊ दिवस पत्र लिहिलं नाही. तीनदा लिहून फाडलं. सासूबाईंना मिठाची पेज देते आहे. काल त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली. तुझं बरोबर होतं.

तुझा दुसरा प्रश्न आधी. भाऊजींनी किती घेतलं? काहीच नाही. एक चमचाही नाही.

जूनमध्ये पहिली बाटली घेऊन आले ती देव्हाऱ्याशी ठेवली आणि गोठ्याकडे गेले. मी पळीत ओतून नेलं तर म्हणाले, "वहिनी, मला झोप परवडत न्हाई. पहाऱ्याला कोन बसंल?" मी आग्रह केला नाही. बाटली दोन दिवस तशीच होती. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यातलं चमचाभर घेतलं. यांचा कागद आल्यापासून त्या झोपल्या नव्हत्या, अकबरी. दोन वर्षं अंथरुणावर बसून जपमाळ ओढायच्या. त्या दिवशी दुपारी आडव्या झाल्या त्या दिवेलागणीला उठल्या. उठल्यावर पहिल्यांदा भूक लागली म्हणाल्या.

त्यांनी धोंडाबाईला सांगितलं. धोंडाबाईचा मुलगा इटलीत मारला गेला. ती दिवसा शेतात राबते आणि घरी आली की दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहते, आत जात नाही. ती वाटी घेऊन आली, विरजण मागायला. दुसऱ्याच्या घरी संध्याकाळी विरजणाला गेलेल्या बाईला कुणी 'का गेलीस' विचारत नाही, ते तुला माहीत आहे. वाटीत दह्याऐवजी औषध घेऊन गेली. खारट चव बघून म्हणाली, "सरकारी लोणचं हाय गं हे." मग ते नावच पडलं. चार दिवसांनी सोपानची आई आली. सोपान भाऊजींच्याच पलटणीतला, हात थरथरतात म्हणून जेवायला कुणासमोर बसत नाही. त्याचं लग्न ठरलं आहे. मग रतनबाई, मग तिची शेजारीण. पाच घरं झाली. पाचवं माझं.

मोजून मीच देत होते. बाटलीवर तू मात्रांच्या खुणा कापलेली कागदाची पट्टी चिकटवायचीस, ती मला वाचता येत होती, दुसऱ्या कुणाला नाही. शेवटच्या दोन खुणा मी माझ्याकडे ठेवायची. सासूबाई माझ्या नकळत आणखी घेत होत्या, हे आता कळलं.

या बाया स्वतः दवाखान्यात का आल्या नाहीत, असं तू विचारशील. तुझ्या खिडकीशी नाव सांगावं लागतं, गाव सांगावं लागतं, काय होतं ते सांगावं लागतं, आणि मागं रांगेत कुरवंड्याची, भुशीची माणसं उभी असतात. झोपेचं औषध म्हणजे डोक्याचं औषध. सोपानच्या सासऱ्यानं सोयरीक मोडली असती. धोंडाबाईच्या दोन मुली आहेत. भाऊजींना गाव आधीच येडं म्हणत होतं. एका माणसाला म्हणून झालंच होतं, तर त्याच्या नावावर सगळ्यांचं भागत होतं.

त्यांना ठाऊक होतं. आम्ही फसवलं नाही. उलट त्यांना ते काम लागलं. चौथ्या दिवशी पहाटे निघायचे, एक दिवस चुकवला नाही, परत आले की उंबऱ्यावर बाटली ठेवून म्हणायचे, "रसद आनली." तेवढ्यापुरते ते चांगले असायचे.

आता जे लिहायला नऊ दिवस लागले ते लिहिते. डॉक्टर दर खेपेला विचारायचे, फरक आहे का? पहिल्यांदा भाऊजींनी 'व्हय' म्हटलं तर डॉक्टर म्हणाले, मग आता कमी करू. तसं झालं असतं तर पाच घरांना पुरलं नसतं. पुढच्या खेपेपासून 'घेतो साहेब, फरक न्हाई' असं म्हणायचं, हे त्यांना मी शिकवलं. म्हणून दुप्पट झालं. दाखल्यातलं 'काडीचा उतार नाही' हे माझं वाक्य आहे, तुझ्या रजिस्टरचं नाही.

नंदा

*

लोणावळा,
मंगळवार, ३ सप्टेंबर १९४६

नंदा,

परवा रविवारी मी इस्पितळात जाऊन आले. घरी अब्बांना सांगितले की औषधांची यादी आणायची आहे. कलकत्त्याच्या दंग्याच्या बातम्या आल्यापासून त्यांचे म्हणणे आहे की आपल्या घरातल्या कोणी दुसऱ्यांच्या गावच्या भानगडीत कागदपत्र करू नये. त्यांची भीती खोटी नाही.

जे पाहिले ते लिहिते. तिथली माणसे निर्दय नाहीत. आवार स्वच्छ आहे. भिमाजी एका बाकावर बसले होते. त्यांच्याबरोबर गेलेल्या कागदावर 'पूर्ण मात्रेत ब्रोमाइड सहन होते, उपयोग नाही' असे असल्यामुळे तिथे पहिल्या दिवसापासून त्याहून अधिक आणि त्यासोबत दुसरे एक गुंगीचे औषध सुरू केले आहे. कागद वाचून कोणीही तसेच केले असते. ज्या शरीराला ते सवयीचे आहे असे समजून देत आहेत, त्यात यापूर्वी एक थेंब गेलेला नव्हता. त्यांची मान एका बाजूला कलते. लाळ पुसायला हात उचलायचा, हे लक्षात यायला वेळ लागतो. दाखल्यात जो माणूस लिहिला होता, तो आता तिथे आहे.

मला ओळखायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी विचारले, "बाटली पोचली का?"

मी पोचली म्हणून सांगितले. माझ्या आठवणीत मी रोग्याला सांगितलेली ही पहिली खोटी गोष्ट.

तिथल्या मुख्य डॉक्टरांना मी सर्व सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. ते म्हणाले की दाखला ज्या गोष्टीवर उभा आहे तीच चूक असेल, तर फेरविचार होऊ शकतो. पण ऐकीव गोष्टीवर नाही. ज्या व्यक्तीने घरात औषध दिले, तिने स्वतःच्या सहीने लिहून द्यावे की रोग्याला औषध दिलेच गेले नव्हते आणि 'फरक नाही' हे उत्तर त्याला शिकवले होते. शिवाय घरातल्या कोणीतरी त्याला ताब्यात घेण्याची तयारी दाखवावी. देखरेख मंडळ ३० सप्टेंबरला बसते. त्यापुढची बैठक जानेवारीत. जानेवारीपर्यंत हेच औषध चालू राहील.

आता माझ्या बाजूचे. तू तुझे लिहिलेस, म्हणून.

चौदा बाटल्या प्यायलेला माणूस चौदाव्या खेपेला खिडकीशी कसा दिसायला हवा, हे मला माहीत होते. पापण्या जड, बोलणे ओढल्यासारखे, अंगावर पुरळ. भिमाजींचा हात स्थिर होता. कातडी स्वच्छ होती. मला आधीच्या बाटलीवरची तारीख तोंडपाठ सांगायचे. जुलैच्या अखेरीस माझ्या मनात आले की हा माणूस औषध घेत नसावा. मी ते डॉक्टरांना सांगितले नाही. कंपाउंडरने मोजून द्यायचे आणि लिहून ठेवायचे, रोग्याकडे बघायचे काम डॉक्टरांचे, असे मला पहिल्याच महिन्यात सांगण्यात आले होते. ही जागा मला सहज मिळालेली नाही. मी आकडा बरोबर लिहिला आणि गप्प बसले.

९ तारखेला डॉक्टर रजिस्टरवर बोट ठेवून मोजत होते, तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तेव्हाही गप्प बसले.

मी माझे निवेदन लिहीत आहे. तू तुझे लिही. बाकीच्या चार घरांची नावे त्यात नसली तरी चालतील.

अकबरी

*

कुरवंडे,
१६ सप्टेंबर ४६

अकबरी,

सोबत कागद आहे. त्यावर एक्केचाळीस अंगठे आहेत. पाटलांचाही आहे. तू हे बघून खूश होशील असं वाटत नाही, पण हे कसं झालं ते ऐक.

तुझं पत्र मी धोंडाबाईला वाचून दाखवलं. ती उठून गेली आणि दुसऱ्या दिवशी देवळाच्या ओसरीवर तिनंच माणसं गोळा केली. भिमाजीला आणायचा म्हणाली. सगळे हळहळले. सोपान सगळ्यांच्या मागं, हात काखेत दाबून बसला होता. पाटील म्हणाले की माझ्या हातनं अर्ज गेला, पण त्याला तिकडं डांबतील असं मला वाटलं नव्हतं, शिपाई येऊन दम देतील असं वाटलं होतं. ते खरंच रडले, अकबरी.

मग मी म्हटलं की मंडळाला एवढंच लिहून हवं आहे, औषध त्यांनी घेतलं नाही, घरात दुसऱ्यांनी घेतलं. कोणी ते नाव न घालता. रतनबाई म्हणाली, "अंगठा कुटं बी लावते बाई, पन त्या बाटलीचं नाव नगं." सोपानची आई म्हणाली की 'दुसऱ्यांनी' एवढंच लिहिलं तरी गावात घरं ती किती, कोण ते लोक बोटावर मोजतील. सोपानचा सासरा तिथंच बसला होता. तो हसून म्हणाला, "का वो, तुमी का घामेजला?" त्यावर जी माणसं हसली, त्यात तिलाही हसावं लागलं.

शेवटी पाटलांनी सांगितलं तसं मी लिहिलं. भिमाजी लहानपणापासून सज्जन आहे, कष्टाळू आहे, त्यानं कुणाला बोट लावलं नाही, गावाला तो हवा आहे. त्याखाली बायाबापड्यांनी धावत येऊन अंगठे लावले. शाई संपली तर काजळ आणलं. हे खोटं नाही. सगळ्यांना तो हवाच आहे.

आता मी. माझी एकटीची सही तू मागतेस. सासूबाई आता चालतात, नीट बोलतात. त्यांना विचारलं. म्हणाल्या, "त्याला आन. पन पोरी, तुजं नाव घालू नगंस. मग माझ्या थोरल्याचं काय?" त्याचा अर्थ मला कळला, तुला कळेल का ठाऊक नाही. आज गावात मी एकटी म्हणते की हे येतील. लोक मान हलवतात, पण मला शहाणी समजतात म्हणून गप्प बसतात. शाळेची पोरं माझ्या हाती देतात. उद्या सरकारी कागदावर आलं की नंदाबाई दोन महिने डोक्याचं औषध घेत होती, तर माझं वाट बघणं हाच माझा रोग ठरेल. मग हे कायमचे मेले. त्यांना जिवंत म्हणणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

मी झोपत नाही. बाटली बंद झाल्यापासून एक रात्रही नाही. शाळेत फळ्यावर परवा एकच अंक सगळीभर लिहीत गेले, पोरं हसली तेव्हा थांबले.

एक्केचाळीस माणसं चांगला म्हणतात, ते मंडळाला पुरणार नाही का?

नंदा

*

लोणावळा,
शुक्रवार, २० सप्टेंबर १९४६

नंदा,

पुरणार नाही. कागद मी स्वतः नेऊन दिला. मुख्य डॉक्टरांनी सभ्यपणे वाचला आणि सांगितले की तो चांगला माणूस आहे याबद्दल वाद नाही. मंडळ चांगुलपणा तपासत नाही. एक्केचाळीस अंगठे आहेत आणि हवे ते एक वाक्य नाही.

माझे निवेदनही पुरले नाही. आमच्या डॉक्टरांनी त्यावर शेरा मारला की कंपाउंडरचे आजचे म्हणणे तिच्याच हातच्या रजिस्टरशी जुळत नाही. हे खरे आहे, जुळत नाही. या महिन्याअखेर मला दवाखान्यातून कमी केले आहे. तुझ्या निर्णयावर त्याचा बोजा ठेवू नकोस. ते माझ्या गप्प बसण्याचे आहे.

भिमाजी शनिवारी पडले. मनगट मोडले आहे. मला त्यांनी ओळखले नाही आणि काही विचारलेही नाही. तिथल्या परिचारकाने सांगितले की आता ते रात्रभर झोपतात, शांत आहेत, काही त्रास नाही. तो हे चांगली बातमी म्हणून सांगत होता.

तू जे लिहिलेस ते मला कळले. सही केलीस तर काय होईल याबद्दल तुझा अंदाज चुकीचा आहे, असे मी म्हणू शकत नाही. शाळा जाईल. लोक बोलतील ते तसेच बोलतील. तुझ्या यजमानांबद्दल मला काहीच माहीत नाही, म्हणून ते येतील असेही मी लिहीत नाही आणि येणार नाहीत असेही नाही. आणि सही केल्यावरही भिमाजी परत पूर्वीसारखे होतील, याची हमी कोणी देणार नाही. मुख्य डॉक्टरांना मी विचारले. औषध आता थांबवले तर बरेचसे भरून येईल, जानेवारीत थांबवले तर किती भरून येईल सांगता येत नाही, असे ते म्हणाले.

तू झोपत नाहीस याचे औषध माझ्या हाती आज आहे, महिन्याअखेर नसेल. तरीही मी ते नथूकडे देणार नाही. तू स्वतः ये, नाव सांग, डॉक्टरांकडून तपासून घे. खिडकीशी रांग असेल. मी तुला मागच्या दाराने आत घेणार नाही, कारण नाव न सांगता औषध नेणे एकदा झाले आहे.

मंडळापुढे जायचा मजकूर खाली देते. तुझ्या हाताने कोऱ्या कागदावर उतरव. एक शब्द कमीजास्त केलास तरी चालेल, पण अर्थ हाच राहिला पाहिजे.

'मी, नंदाबाई, राहणार कुरवंडे, भिमाजी यांची भावजय, लिहून देते की १४ जून ते ९ ऑगस्ट १९४६ या काळात त्यांच्या नावावर आणलेले औषध मी त्यांना दिले नाही. ते मी स्वतः घेतले व इतरांस दिले. डॉक्टरांना फरक नाही असे सांगण्यास मीच त्यांना शिकवले होते. त्यांना घरी सांभाळण्याची माझी तयारी आहे.'

खाली सही, अंगठा नको. तुला लिहिता येते, हे त्यांना दिसले पाहिजे.

मंडळ सोमवारी ३० तारखेला सकाळी अकराला बसते. रविवारी पहिल्या गाडीने मी कागद घेऊन निघेन. म्हणून तुझे उत्तर शनिवार ता. २८ सप्टेंबर, दुपारी चारपर्यंत दवाखान्यात माझ्या हाती यायला हवे. सही करणार नसशील तर तसे लिहून पाठव, पण त्या वेळेपर्यंत पाठव.

अकबरी